शेजाऱ्याचं छप्पर

"एकेचाळीसच्या एकेचाळीस देते, गुरुवारी दुपारी बारापर्यंत," असं वहिनी भर बैठकीत बोलून बसल्या तेव्हा टेबलाभोवती नऊ माणसं होती. वाक्य सहा शब्दांचं. त्यातला एकही शब्द त्या घरून ठरवून आलेल्या नव्हत्या.

वहिनी म्हणजे खरं तर त्या एकाच माणसाच्या वहिनी. इमारतींच्या विजेचा हिशेब मांडणारं छोटंसं ऑफिस होतं धाकट्या दिराचं, म्हणजे भावजींचं, आणि वहिनी तिथे वीस वर्षं इंजिनिअर होत्या. पण भावजी दिवसभर 'वहिनी, वहिनी' करत असल्यामुळे टपाल आणणारा, प्रिंटर दुरुस्त करणारा आणि आता शाळाखात्यातली माणसंसुद्धा त्यांना वहिनीच म्हणत. वय बावन्न. नवरा बोटीवर, वर्षातले सहा महिने घरी, सहा महिने पाण्यात. सध्या पाण्यात.

त्यांचं काम असं की इमारत आधी कॉम्प्युटरवर उभी करायची. भिंती, छप्पर, खिडक्या, दिवे, आत बसणारी माणसं, सगळं. मग त्या खोट्या इमारतीवरून वर्षभराचं ऊन, वारा आणि थंडी फिरवायची आणि किती वीज लागली ते बघायचं. ह्याला मॉडेल म्हणतात. छपरावर उष्णता अडवणारा थर घातला तर किती वाचेल, हे खऱ्या छपरावर न चढता सांगता येतं. शाळाखात्याला तेच हवं होतं. शहरातल्या एकेचाळीस शाळा. प्रत्येकीला छपराचा थर, खिडक्यांवर बाहेरून छज्जे आणि नवे दिवे. कशाने किती वाचेल त्याचे आकडे. ज्या शाळेचा आकडा गुरुवारी बारापर्यंत आला ती यंदाच्या दुरुस्तीत. नाही आला तर पुढची यादी तीन वर्षांनी.

एकेचाळीस शाळांची मॉडेलं वहिनींनी गेल्या दोन वर्षांत एकेक करून स्वतः बांधली होती. तरीही त्या गप्पच बसल्या असत्या. पण उपनगरांतल्या शाळांचे आकडे काढणाऱ्या मोठ्या कंपनीचा टायवाला हसला.

"आमची बावीस माणसं आहेत, आम्ही तीन आठवडे मागतोय," तो म्हणाला. "ह्यांच्याकडे कोण आहे?" आणि मग अगदी मायेने मान कलती करून, "वहिनी आहेत."

खात्याच्या मुख्य बाईंनी चष्म्यावरून बघितलं. वहिनींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि ते सहा शब्द बाहेर पडले. बाईंनी ते लिहून घेतले. टायवाला हसायचा थांबला, एवढी एक कमाई.

परतीच्या वाटेवर चौकात सिग्नल लाल झाला तेव्हा भावजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोललात ते मला ऐकू आलं ना बरोबर?"

"बाईंनी लिहून घेतलंय. त्यांना बरोबर ऐकू आलं."

"एका शाळेला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"ते ऑफिसला गेल्यावर बघू."

ऑफिसात, म्हणजे छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत, त्यांनी वही काढली. वहिनींची वही हा ऑफिसातला धाक होता. कुठल्या कामाला किती मिनिटं, कुणी किती वेळा चहाला उठलं, कुठला कॉम्प्युटर किती वेळा अडकला, सगळं तीत होतं, आणि भावजींच्या चहाचं पान वेगळं होतं. आता त्यांनी नवीन पान उघडलं. तीन सुधारणा, आणि तिन्ही मिळून चौथी. एकेचाळीस चोक एकशे चौसष्ट. प्रत्येकाला मॉडेल उघडा, खोली खोली निवडा, बदला, चालवा, आकडा उतरवा. हात कितीही चालला तरी चाळीस मिनिटं. म्हणजे एकशे नऊ तास. गुरुवारी दुपारी बारापर्यंत ऑफिसचे तास उरले होते पंचवीस.

त्यांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि वही मिटली.

संध्याकाळी घरी वन्सं वर आल्या. वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, वय एकसष्ट, हवामानखात्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त, खालच्या मजल्यावर राहणाऱ्या. रोज सातला विणकाम घेऊन येत आणि मतं घेऊन येत. विणकाम कधीकधी खाली विसरे.

"धाकटा भाऊ म्हणत होता तू आज मोठा पराक्रम केलास."

"तुमच्या भावाच्या पोटात काही राहत नाही."

"एकशे चौसष्ट वेळा तेच तेच काम हाताने करणार तू? पॅकेजं का नाही वापरत?"

"कसली पॅकेजं?"

"तुझ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात गं. मागे तुझ्या खांद्यावरून बघितलंय मी. डाव्या हाताला डब्याचं चित्र आहे ते."

"ते मी नऊ वर्षांत एकदाही दाबलेलं नाही."

"हे अभिमानाने सांगतेयस की लाजून?"

"माहिती म्हणून," वहिनी म्हणाल्या. "कुणीतरी कुठेतरी लिहिलेला कोड माझ्या मॉडेलमध्ये हात घालणार. मी माझ्या मॉडेलमध्ये भावजींनाही हात घालू देत नाही."

"पॅकेज म्हणजे काय ते आधी समजून तर घे. समज, पाककृती असते ना..."

"वन्सं, मला स्वयंपाकाची उदाहरणं देऊ नका. मी इंजिनिअर आहे. आणि ह्या घरात स्वयंपाक तुमचा भाऊ करतो."

"आणि तो पाण्यात असतो तेव्हा?"

"तेव्हा आपण काय खातो ते तुम्ही रोज बघता."

वन्संनी ताटाकडे बघितलं आणि मुद्दा सोडून दिला. "उद्या नऊला तुझ्या ऑफिसात येते," त्या म्हणाल्या. "उदाहरण देणार नाही. उघडूनच दाखवते."

मंगळवारी नऊला त्या खरोखरच आल्या. भावजींची खुर्ची ओढून घेतली, त्यामुळे भावजी स्टुलावर. डब्याच्या चित्रावर वन्संनी स्वतः बोट ठेवलं नाही. वहिनींकडूनच दाबून घेतलं. शेकडो नावांची यादी उघडली. जगभरच्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी ठेवलेली पॅकेजं. 'छपरावर थर वाढवा', 'दिवे बदला', 'छज्जे लावा', दारं, पंखे, पडदे, काय नाही ते.

"एक उतरवून घे. छपराचं. आता ते फोल्डर उघड. आत काय दिसतं?"

वहिनी चष्मा लावून वाचू लागल्या. आत चारच गोष्टी होत्या. एक कोडची फाईल. एक माहितीचा कागद, हे काय करतं आणि काय करत नाही. एक चाचणीची फाईल. एका नमुना इमारतीवर पॅकेज चालवून उत्तर बरोबर येतं का ते तपासणारी. आणि चौथी, पॅकेज तुम्हाला काय विचारणार त्या प्रश्नांची यादी. छपराच्या पॅकेजला दोनच प्रश्न होते: थर किती जाडीचा? सगळ्या छपरांना की निवडक?

"शाळा कुठे आहे ह्यात?" वहिनींनी विचारलं.

"शाळा नाहीच ह्यात."

"म्हणजे?"

"तेच तर. शाळा तू द्यायची. जाडी तू द्यायची. बाकी काय करायचं ते ह्याला पाठ आहे."

वहिनींना ते काही पटेना. त्यांनी कोडची फाईल उघडली. कॉलेजात शिकलेलं थोडंफार आठवत होतं. बोट स्क्रीनवर ठेवून त्या एकेक ओळ वाचू लागल्या, मोठ्याने, पहिलीतल्या मुलीसारख्या. "इमारतीतला प्रत्येक पृष्ठभाग घ्या... तो छप्पर आहे का?... नसेल तर सोडा... वरून बाहेरची हवा लागते का?... नसेल तर सोडा, कारण वर दुसरा मजला आहे... आता त्याचे थर बघा... आधीचा थर असेल तर तो काढा, नवा घाला..."

बोट थांबलं.

"अहो, हे तर मीच करते."

"कधीपासून सांगतेय."

"नाही, तसं नाही! हे अगदी मी करते त्याच क्रमाने आहे. आधी मजला बघायचा, मग थर. मी नवीन माणसाला शिकवते तेव्हा हेच बोलते. फक्त तो माणूस दोन महिन्यांत नोकरी सोडतो."

"हा सोडत नाही," वन्सं म्हणाल्या. "आणि कंटाळत नाही. आणि तुझ्या वहीत ह्याच्या चहाचं पान लागत नाही."

भावजी स्टुलावरून म्हणाले, "मी इथेच आहे."

पहिली शाळा घेतली. जाडी भरली. बटण दाबलं. चाळीस मिनिटांचं काम. तीन मिनिटांत आकडा आला. वहिनींनी मागच्या वर्षी ह्याच शाळेचं छप्पर हाताने काढलं होतं; त्यांनी वही उघडून जुना आकडा बघितला. दशांशापर्यंत तोच.

त्या उठल्या. खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. पुन्हा खिडकीपर्यंत गेल्या. बावन्न वर्षांच्या बाईला आनंदाने उडी मारायची असेल तर जागा फार कमी असते, विशेषतः खाली छापखाना असताना.

"दुसरी लावा," त्या म्हणाल्या. "नाही, थांबा, मी लावते. तुम्ही हात लावू नका."

वन्संनी मग साखळी करून दिली: यादीतली शाळा घ्या, पॅकेज लावा, मॉडेल चालवा, आकडा एका तक्त्यात टाका, पुढची शाळा. छज्ज्यांचं पॅकेज जरा हटवादी निघालं. ते दक्षिणेच्याच खिडक्यांना छज्जे लावायचं. वन्सं त्याच्याशी जेवणाच्या सुट्टीत भांडल्या आणि जिंकल्या. चार वाजता चार कॉम्प्युटरांवर एकशे चौसष्ट मॉडेलं सुटली. सहा वाजून पाच मिनिटांनी सगळी परत आली होती. वहिनींनी वहीत लिहिलं: एकशे नऊ तास वजा दोन तास पाच मिनिटं. आणि खाली रेघ मारून उत्तर न काढता तशाच घरी गेल्या, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा.

बुधवारी सकाळी भावजी आधीच येऊन तक्ता छापून बसले होते. "वहिनी, बघा तरी! आपण एक दिवस आधी देतोय. मी बाईंना फोन लावू? त्या टायवाल्याला पण लावू?"

"थांबा हो."

वहिनी तक्ता वाचत होत्या. वरून खाली, एका बोटाने, जशा त्या सगळंच वाचत. सोळापर्यंत बोट सरसर आलं. सतरावर अडकलं.

सतरा नंबरची शाळा. छपराच्या थराने बचत अडतीस टक्के.

"ही चूक आहे."

"का? चांगली आहे की अडतीस!"

"भावजी, ही शाळा मी आतून बाहेरून बघितलीय. तीन मजल्यांची, दोन मोठ्या दुकानांच्या मध्ये चेपलेली. तिला छप्पर म्हणजे रुमालाएवढं. त्या रुमालावर सोनं अंथरलं तरी अडतीस टक्के वाचणार नाहीत."

वन्सं दारातून आत येत होत्या. "पॅकेज तपासलेलं आहे," त्या कोट काढतानाच म्हणाल्या. "दोन हजार माणसं वापरतात ते."

"दोन हजार माणसं सतरा नंबरच्या शाळेत गेली नव्हती."

वहिनींनी मॉडेल उघडलं. शाळा पडद्यावर फिरवली. मध्ये अरुंद शाळा, दोन्ही बाजूंना दोन जाडजूड ठोकळे. आणि दोन्ही ठोकळ्यांच्या डोक्यावर नवाकोरा, जाड, महागातला थर.

मग वन्संनी विचारलं, "हे कोण?"

"शेजारी," वहिनी म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता.

"शेजाऱ्यांचं छप्पर तुझ्या शाळेच्या मॉडेलमध्ये काय करतंय?"

तर झालं होतं असं. वीस वर्षांपूर्वी वहिनी ज्या सॉफ्टवेअरवर शिकल्या त्यात शेजारच्या इमारतीची सावली नीट पडायची नाही. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती: शेजारी म्हणजे एक मोठी खोलीच काढायची. आत माणूस नाही, दिवा नाही, फक्त हवा शाळेइतक्याच तापमानाला राखायची, म्हणजे मधल्या भिंतीतून उष्णता इकडची तिकडे जात नाही आणि सावलीही चोख पडते. आता त्या खोट्या खोलीला वीज लागणारच. ती शेवटी वजा करायची.

"आणि ती वजा कोण करतं?" वन्संनी विचारलं.

"मी."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? आकडा उतरवताना. मनात."

"अगं बाई," वन्सं खुर्चीत टेकल्या. "हे कुठे लिहून ठेवलंयस का?"

"लिहायचं काय त्यात? मॉडेलं माझी, वजाबाकी माझी."

वीस वर्षांत सॉफ्टवेअर सात वेळा बदललं, सावली कधीच सुधारली, पण वहिनींच्या हाताला ते कुणी कळवलं नव्हतं. जिच्या वहीत भावजींचे चहा तारखेनिशी होते, तिने आपली एक वजाबाकी मात्र कुठेच टिपून ठेवली नव्हती. आणि पॅकेज बिचारं सांगितलेलं काम करत होतं. छप्पर आहे का? आहे. वरून हवा लागते का? लागते. मग घाल थर. शेजाऱ्यांची बचत शाळेच्या नावावर चढली होती, आणि असा शेजार असलेल्या शाळा वहिनींनी बोटांवर मोजल्या तेव्हा दोन्ही हात संपून पुन्हा अर्धा हात लागला. तेरा.

भावजींनी कपाळाला हात लावला. "तेरा सोडून अठ्ठावीस देऊन टाकू. अठ्ठावीस काही कमी नाहीत."

"तेरा शाळांना तीन वर्षं थांबवू? मी बोललेय एकेचाळीस."

"मग तुम्ही हाताने वजा करा ना! नेहमीसारखं."

"एकशे चौसष्टपैकी बावन्न आकडे. आणि छज्ज्यांची सावली त्या ठोकळ्यांवर कशी पडलीय देव जाणे." त्या उठल्या. वहिनी घाबरल्या की खिडकीशी जातात, आनंद झाला की खिडकीशी जातात. भावजींना फरक पाठीवरून ओळखता येई. ही पाठ घाबरलेली होती. मग मध्येच कुठेतरी ती ताठ झाली.

"वन्सं, पॅकेज आपण लिहू शकतो का? आपलं आपलं?"

"मी लिहीन. तू काय करायचं ते सांग."

"नाही. मी लिहिणार. तुम्ही मी चुकले की ओरडा."

"ते मी तसंही करते."

वहिनी खुर्चीत बसल्या आणि आधी कोरा कागद घेतला. शेजाऱ्याला ओळखायचं कसं, इथेच पहिलं घोडं अडलं. काही ठिकाणी त्यांनी त्या खोलीला 'शेजारी' म्हटलं होतं, काही ठिकाणी 'दुकान', एका ठिकाणी चिडून 'तो अवजड प्रकार'. नावावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

"मग कशावरून ओळखशील?" वन्सं म्हणाल्या. "तुझं तुलाच माहीत. कोडला ते सांगता आलं पाहिजे."

वहिनी डोळे मिटून बसल्या. "माणूस नाही," त्या हळूच म्हणाल्या. "दिवा नाही. पण हवा मात्र राखलेली."

"अडगळीची खोली पण तशीच असेल की."

"नसते! मी अडगळीलाही एक दिवा देते. वीस वर्षांत एकाही अडगळीला मी अंधारात ठेवलेलं नाही." डोळे उघडले तेव्हा ते चमकत होते. "ज्या खोलीत माणूस नाही, दिवा नाही आणि तरी हवा राखलीय, ती शेजाऱ्याची. माझ्या मॉडेलात दुसरी असूच शकत नाही."

"लिही."

त्यांनी लिहिलं. प्रत्येक खोली घ्या. माणसं आहेत का, असतील तर सोडा. दिवे आहेत का, असतील तर सोडा. हवा राखलेली नसेल तर सोडा. आता जी उरली तिची बाहेरची अंगं उचला आणि नुसती सावली पाडणारी पाटी करून ठेवा. शाळेला चिकटलेल्या भिंतीला सांगा, तुझ्यातून उष्णता जाणार नाही. मग खोली पुसून टाका. पहिल्या वेळी खोली आधी पुसली गेली आणि सावली करायला काही उरलंच नाही, वन्सं ओरडल्या. दुसऱ्या वेळी पॅकेजने सगळी शाळाच पुसली. तेव्हा दोघी मिळून हसल्या, कारण बचत शंभर टक्के आली होती. जेवायला कुणी उठलं नाही. भावजी गुपचूप पाव आणि केळी घेऊन आले आणि स्टुलावर ठेवून स्वतः उभे राहिले.

"आता चाचणी," वन्सं म्हणाल्या. "चाचणीशिवाय पॅकेज म्हणजे नुसती बडबड."

चाचणीला सतरा नंबरच. तिच्या छपराचा आकडा वहिनींनी मागच्या वर्षी हाताने, मनातली वजाबाकी करून काढला होता: सहा टक्के. आधी शेजारी काढा, मग थर घाला, मग चालवा. ह्या क्रमावर वन्संनी तीनदा बोट आपटलं. उलट क्रम लागला तर शेजारी थर घेऊनच सावलीत जाणार. साडेचारला बटण दाबलं. तीन मिनिटं तिघंही त्या फिरणाऱ्या गोलाकडे बघत उभी होती.

सहा पूर्णांक एक.

"ए!" वहिनी ओरडल्या. खालच्या छापखान्यातून कुणीतरी काठीने छताला ठोकलं. त्यांनी वरून पाय आपटून उत्तर दिलं. मग त्यांनी मूळ मॉडेलंसुद्धा शेजाऱ्यांतून सोडवून पुन्हा चालवायचं ठरवलं. एकेचाळीस पंचे दोनशे पाच. पावणेपाचला सुटली, सात वीसला शेवटचं परत आलं. आकडे आता शाळांसारखे दिसत होते: काही मोठे, काही चिमूटभर, एकही फुशारकी मारणारा नाही.

गुरुवारी सकाळी अहवाल बांधायचं काम उरलं होतं. दहा चाळीसला फोन वाजला. मुख्य बाई.

"वहिनी, एक बदल आहे. दिवे आम्ही नऊ वॅटचे म्हणालो होतो ना, ते खरेदीवाल्यांनी सातचे ठरवलेत. आकडे सातचे लागतील. मोठ्या कंपनीवाल्यांना विचारलं, ते म्हणतात आता अशक्य आहे, नऊवरच सगळ्यांचं घ्या. मला वाटलं तुम्हाला विचारून घ्यावं. नाही जमलं तर तसं सांगा, मी समजू शकते."

भावजींना नुसता वहिनींचा चेहरा दिसत होता. तो आधी पडला. मग त्यांच्या ओठांची हालचाल होऊ लागली. त्या मोजत होत्या. दिव्यांची एकेचाळीस, आणि तिन्ही मिळून एकेचाळीस. ब्याऐंशी. तीन तीन मिनिटं. चार कॉम्प्युटर. बासष्ट मिनिटं.

"बारा म्हणजे बाराच ना हो?" त्यांनी विचारलं.

"बाराला यादी बंद होते. माझ्या हातात नाही."

"मग ठेवते. बोलण्यात दोन मिनिटं गेली."

फोन ठेवून त्या सरळ दिव्यांच्या पॅकेजच्या प्रश्नांकडे गेल्या. 'प्रत्येक दिवा किती वॅटचा?' नऊ पुसलं. सात लिहिलं. बास. भावजी वाट बघत उभेच. "आणि?"

"आणि काय?"

"बाकीचं काय बदलायचं?"

"काही नाही. एवढंच विचारतं ते."

दहा शेहेचाळीसला मॉडेलं सुटली. त्यानंतरचा तास ऑफिसात कुणी नीट बसलं नाही. वन्सं दोन कॉम्प्युटरांवर पहारा देत होत्या, वहिनी दोन. अकरा तीसला तिसरा कॉम्प्युटर नेहमीसारखा अडकला. वहिनींच्या वहीत तो ह्या महिन्यात चौथ्यांदा अडकत होता. त्यांनी त्याच्या अंगावरची सहा मॉडेलं काढून बाकीच्या तिघांत वाटली, दोन, दोन, दोन, आणि त्याला बंद करून टाकलं. भावजींना अहवालाच्या तक्त्यात आकडे बसवायला लावलं होतं, आणि ते चक्क चहाला उठले नाहीत.

"तेहेतीस आली!"

"मोठ्याने नका ओरडू, मोजणं चुकतं."

"छत्तीस. सदतीस, अडतीस. अगं, अडतीसला इतका वेळ का?"

"तिला व्यायामशाळा आहे वन्सं, मोठी आहे, जरा दम धरा."

अकरा त्रेपन्नला एकेचाळिसावी आली. वहिनींनी सतरा नंबर आणि आणखी दोन शाळा नुसत्या नजरेने तपासल्या, कारण आता त्यांना पॅकेजवर विश्वास होता पण सवयही होती. अकरा छप्पन्नला पाठवलं.

मग काहीच झालं नाही. अकरा अठ्ठावन्न झाले. भावजी घड्याळाकडे बघत होते, वन्सं विणकाम शोधत होत्या आणि ते खालच्या मजल्यावरच्या घरी होतं. बारा वाजले. बारा वाजून एक.

बारा वाजून चार मिनिटांनी बाईंचं उत्तर आलं. वहिनींनी ते उभ्यानेच मोठ्याने वाचलं.

"एकेचाळीस मिळाल्या, अकरा छप्पन्नची नोंद आहे. सगळ्या यादीत घेतल्या. सतरा नंबरला छपराचा थर वगळून छज्जे आणि दिवे घेतले, तुमच्या आकड्यांवरून तेच शहाणपणाचं दिसलं. एक विचारायचं होतं. आरोग्यखात्याचे तीस दवाखाने आहेत. त्यांची मॉडेलं दुसऱ्याच कुणीतरी बांधलीत. तुमची ती पद्धत त्यांना चालेल का?"

भावजींनी दोन्ही हात वर केले. "चालेल म्हणा! वहिनी, चालेल म्हणा!"

वहिनी मात्र पडद्यासमोर उभ्याउभ्याच विचारात पडल्या होत्या. दुसऱ्याने बांधलेली मॉडेलं. त्याने शेजारी कसा काढला असेल कुणास ठाऊक. तो अडगळीला दिवा देतो का? आणि त्याच्या मनात कसल्या वजाबाक्या असतील?

"आधी त्या माणसाला गाठायला हवं," त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या. "वन्सं, चला. भावजी, बाईंना विचारा तो बसतो कुठे."

"आत्ता? अगं, निदान जेवून तर जाऊ."

"वाटेत खाऊ. त्याला विचारायचे प्रश्न सांगते, तुम्ही लिहून घ्या. पहिला: बाबा रे, तू हाताने काय काय करतोस, जे कुठेच लिहिलेलं नाही?"

वन्संनी पर्समधून पेन काढलं. कागद नव्हता, म्हणून वहिनींनी आपल्या वहीचं एक कोरं पान फाडून दिलं. जिन्यावरून उतरतानाच दुसरा प्रश्न सुरू झाला होता.